पहिल्या तुकडीचा कापलेला फोटो

१

"बाई, आधी इकडे या. आणि ओरडू नका!"

असं सांगणाऱ्या ग्रंथपाल बाई स्वतःच ओरडत होत्या. मी खडूचा डबा टेबलावर आदळला आणि त्यांच्यामागे धावत सुटले.

इतिहास दालनाचं दार सताड उघडं होतं. समोरच्या भिंतीवर चौकट जागच्या जागी होती, काचही शाबूत होती. पण काचेमागच्या फोटोचा वरचा डावा कोपरा नाहीसा झाला होता. तेवढा चौकोन कुणीतरी सफाईने कापून नेला होता आणि त्या जागी मागचा तपकिरी पुठ्ठा आ वासून बघत होता.

"बुटक्याचं तोंड!" माझ्या तोंडून निघालं.

"हळू बोला हो," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

आमच्या संस्थेला पंचाहत्तर वर्षं झाली. एका मोटार गॅरेजच्या माडीवर दोन खोल्यांत शाळा सुरू झाली. खालच्या हातोड्यांच्या ठणठणाटात वर पाढे चालायचे. पुढे संस्थापकांनी गावाबाहेरचं माळरान घेतलं, इमारत उठवली आणि काही वर्षांनी त्याच इमारतीत इंजिनीअरिंग कॉलेज काढलं. सकाळी शाळा, दुपारी कॉलेज. दाढीमिशा फुटलेली पोरं पाचवीच्या बाकांत गुडघे कोंबून बसायची. आता गाव आमच्या चारही बाजूंनी वाढलंय आणि आमच्याकडे उंच इमारती आहेत. त्या सगळ्याचा इतिहास मांडायचं काम माझ्याकडे होतं, कारण मी शाळेत इतिहास शिकवते आणि मला 'नाही' म्हणता येत नाही.

दालनातली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे हा फोटो. कॉलेजची पहिली तुकडी, मैदानात तीन रांगांत उभी. जगात याची एकच प्रत उरली होती. पहिल्या तुकडीतल्या एका आजोबांनी ती आदल्याच दिवशी आणून दिली होती. मी मोबाइलवर फोटो काढला होता, पण काचेवर नेमका माझाच चेहरा चमकत होता. नीट प्रत आज काढायची ठरली होती.

आणि बुटक्या? तो संस्थेच्या इतिहासातला एकमेव बदनाम माणूस. त्याने कॉलेजात पहिला संप घडवला आणि संस्थापकांनी त्याला हाकलून दिलं. 'परीक्षा पुढे ढकलण्यासाठी संप,' असं आमच्या सगळ्या स्मरणिकांत छापलंय.

"कोण येऊन गेलं काल?" मी विचारलं.

"दालनाची किल्ली वाचनालयात खिळ्यावर असते. तुम्ही गेल्यावर तिघं घेऊन गेले. अध्यक्ष, ते आजोबा आणि पायासर." बाई जरा थांबल्या. "आणि मी तर इथेच असते. म्हणजे चौथी मी."

उद्या सकाळी समारंभ. पाहुणे येणार, दालन उघडणार. मी कपाळावर हात मारला आणि आत्याला फोन लावला.

२

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. उंचीने लहान, रुंदीने भरपूर. विमा कंपनीत तपासनीस होती. जळालेली गोदामं, चोरीला गेलेले दागिने, आपोआप बुडालेल्या बोटी, सगळ्यांच्या मागे लागून तिने आयुष्य काढलं. निवृत्त झाल्यापासून ती शेजाऱ्यांवर सराव करते.

ती रिक्षातून उतरली तीच हातात भिंग घेऊन.

"शाळेत बोलावलंस म्हणून घेतलं," ती म्हणाली. "लहानपणी मास्तरांनी जप्त केलं होतं."

चौकट खाली काढून तिने फोटो उजेडात धरला. मग भिंग कापलेल्या कडेवरून सावकाश फिरवलं. 

"पट्टी लावून कापलंय," ती शेवटी म्हणाली.

"मग सापडला चोर! पट्टी कुणाकडे..."

"अगं, इंजिनीअरिंग कॉलेज आहे हे. इथे मांजराकडेसुद्धा पट्टी असेल. बरं, आता मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारणार. तू मध्ये तोंड घालायचं नाही."

अध्यक्ष त्यांच्या खोलीत भाषणाचा कागद घेऊन येरझारा घालत होते. ते संस्थापकांचे चिरंजीव. गोरेपान, कडक इस्त्रीचे, आवाज वडिलांसारखाच मोठा.

"या फोटोतून काय गेलं, साहेब?" आत्याने विचारलं.

"काय गेलं? एक कटकट गेली! बाबांना त्या माणसाने फार मनस्ताप दिला. खरं सांगतो आत्याबाई, तो फोटो लावू नका असं मी बाईंना सांगितलं होतं. पण कापायला मी काय शाळकरी पोर आहे?"

तसं ते मला खरंच म्हणाले होते. मी आत्याकडे पाहिलं, आत्या खिडकीबाहेर बघत होती.

पायासर नव्या प्रयोगशाळेच्या दारात भेटले. हे स्थापत्य विभागाचे प्रमुख, ही प्रयोगशाळा त्यांच्याच देखरेखीखाली बांधलेली. 'पाया कच्चा तर सगळं कच्चं' हे वाक्य ते दर तासाला म्हणत, म्हणून पोरांनी हे नाव ठेवलं. शांत, सज्जन माणूस. माझ्या भाच्याला त्यांनी परीक्षेआधी घरी बोलावून शिकवलं होतं, एक पैसाही न घेता. त्यांच्या मागे शटरच्या आत ते नवीन अजस्र यंत्र उभं होतं. लोखंडाच्या कांबी ओढून तोडणारं, काँक्रीटचे ठोकळे दाबून फोडणारं. उद्या शाळेची सगळी मुलं त्याच्याभोवती उभी राहणार होती आणि पाहुणे फीत कापणार होते.

"या फोटोतून काय गेलं, सर?"

"फारसं काही नाही हो." त्यांनी चष्मा पुसला. "कोपराच तर आहे. फोटो जरा कातरून लहान चौकटीत बसवा. कुणाच्या लक्षातही यायचं नाही."

"छान उपाय आहे," आत्या म्हणाली.

ग्रंथपाल बाईंकडे मात्र तिने सूर बदलला. खुर्ची ओढून समोर बसली आणि थेट विचारलं, "बुटक्या तुमचा कोण?"

मी चाटच पडले. बाईंच्या हातातली पुस्तकं धाडकन जमिनीवर पडली.

३

"काका," त्या म्हणाल्या. "माझे सख्खे काका. तुम्हाला कसं कळलं?"

"बाकी सगळे त्याला बुटक्या म्हणतात. सकाळपासून तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. आणि माझी भाची तसं म्हणाली की तुमचा चेहरा बदलतो."

बाईंचे डोळे भरून आले, पण आवाज तापला होता. "हो, लपवलं मी. इथे नोकरी मागायला आले तेव्हा कुणाची पुतणी हे सांगितलं असतं तर दारात उभं केलं असतं का? काका गेले त्याला वर्षं झाली. आमच्या घरी त्यांचा एकही फोटो नाही. त्यांनी कधी काढूच दिला नाही. काल हा फोटो पाहिला आणि दालनाचं दार आतून लावून एकटीच त्याच्यासमोर बसले."

"म्हणजे फोटो हवा होता तुम्हाला," मी मध्ये तोंड घातलंच.

"हवा होता म्हणून असा कापीन?" त्या उसळल्या. "नीट बघा तरी! त्यांचा कान इथेच राहिलाय, अर्धा गाल इथेच राहिलाय. माझ्या काकांचा चेहरा मी असा उभा चिरून नेईन का?"

आत्या एकदम उठून उभी राहिली. तिने बाईंचे दोन्ही खांदे धरले.

"शाबास! शाबास माझ्या बाई! अगं, ऐकलंस का? कापणाऱ्याला चेहरा नकोच होता! चेहरा मध्ये आला म्हणून कापला गेला. त्याला हवं होतं ते चेहऱ्याच्या पलीकडे होतं."

"पलीकडे काय? माळरान," मी म्हणाले.

"मग हे काय आहे?" तिने भिंग माझ्या डोळ्याला लावलं. कापलेल्या चौकोनाच्या खाली, अगदी फोटोच्या कडेला, वरून ताठ खाली येणारी एक बारीक रेघ होती. ओरखडा नव्हता तो, दोरी होती.

"झेंड्याच्या खांबाची असेल."

"झेंड्याचा खांब फोटोच्या दुसऱ्या टोकाला दिसतोय. शाळेला दोन झेंडे होते का? बरं बाई, तुमचे काका किती उंच होते?"

"उंच?" बाई रडता रडता हसल्या. "दारामागे अडकवलेला सदरा काढायला स्टूल घ्यायचे."

आत्याने फोटोवर बोट ठेवलं. मागच्या रांगेत सगळी डोकी एका रेषेत होती. पण काकांचा उरलेला कान त्या रेषेच्या चांगला बोटभर वर होता.

"तुकडीतला सगळ्यात बुटका माणूस," आत्या हळूच म्हणाली, "सगळ्यांपेक्षा उंच कसा?"

४

पहिल्या तुकडीतले आजोबा वर्गात, पहिल्या बाकावर बसून वर्तमानपत्र वाचत होते. वय झालेलं, पाठ ताठ, काठी नुसती शोभेला.

"या फोटोतून काय गेलं, आजोबा?"

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "माझा मित्र गेला. दुसऱ्यांदा गेला."

"भांडण होतं म्हणतात तुमचं त्याच्याशी."

"होतं ना. फोटोपासूनच होतं! मी त्याच्या शेजारी उभा होतो. फोटोग्राफर 'तयार' म्हणाला आणि हा पठ्ठ्या टुणकन उडी मारून वर चढला. घरी फोटो दाखवला तर आई म्हणते, तू त्याच्या खांद्याएवढाच कसा रे? वर्षभर बोललो नाही मी त्याच्याशी."

"वर चढला? कशावर?"

"कशावर म्हणजे? विहिरीच्या कठड्यावर!"

आत्याने भिंग खाली ठेवलं.

"कुठली विहीर?" मी विचारलं. संस्थेचे सगळे कागद मी वाचले होते, सगळ्या स्मरणिका पालथ्या घातल्या होत्या. विहिरीचा शब्दसुद्धा कुठे नव्हता.

"आवारातली. मोठी होती, रहाट होता तिला. फोटोच्या कोपऱ्यात तो रहाट येतो म्हणून मी कुरकुर केली होती. पुढे बुजवली ती." आजोबांचा आवाज उतरला. "शाळेतलं एक लहान पोर आत पडलं होतं. बुटक्याने मागचापुढचा विचार न करता उडी मारली आणि त्याला वर काढलं. मग तोच अडून बसला, मुलांच्या आवारात उघडी विहीर नको. कुणी ऐकेना तेव्हा त्याने संप केला. संस्थापकांनी सुट्टीत विहीर बुजवली, आणि बुटक्यालाही काढून टाकलं. बोभाटा नको म्हणून सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं. आम्ही बसलो."

ग्रंथपाल बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"परीक्षेसाठी नव्हता तो संप?" त्यांनी विचारलं.

"परीक्षेत तो पहिला यायचा, पोरी. पुढे ढकलून काय करणार होता?"

आत्याला मात्र रडायला वेळ नव्हता. ती जवळजवळ ओरडली, "आजोबा, ती विहीर आता कुठे आहे?"

आजोबांनी खिडकीबाहेर पाहिलं, उंच इमारतींकडे पाहिलं आणि हताश होऊन मान हलवली. "सगळंच बदललंय हो. मला नाही सांगता यायचं."

५

"मग फोटोलाच विचारू," आत्या म्हणाली.

पुढच्या अर्ध्या तासात जे झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. आत्याने शेवटच्या वर्षाची अख्खी तुकडी मैदानात गोळा केली. फोटोत मागे जुनी इमारत आहे आणि ती अजून तशीच उभी आहे. फोटो हातात धरून आत्या मागे मागे सरकत राहिली. फोटोत जिन्याचा कठडा खिडकीचा जेवढा भाग झाकतो, तेवढाच समोर झाकला जाईपर्यंत ती सरकली.

"इथे उभा होता फोटोग्राफर!" ती गरजली. "चला, उभे राहा! पुढची रांग खाली बसा. तू चष्मेवाल्या, जरा उजवीकडे, तिसऱ्या खिडकीखाली!"

पोरांना काय चाललंय ते कळत नव्हतं, पण मजा येत होती. एकेक जण मिश्या पिळत जुन्या ऐटीत उभा राहू लागला. मुली तर आणखी जोरात. पहिल्या तुकडीत एकही मुलगी नव्हती, त्याची त्यांनी भरपाई केली. शाळेची मुलं खिडक्यांना लोंबकळून टाळ्या पिटायला लागली. आवाज ऐकून अध्यक्ष खाली आले. पायासरही आले आणि प्रयोगशाळेच्या भिंतीला टेकून उभे राहिले.

रांग डावीकडे वाढत वाढत गेली आणि नव्या प्रयोगशाळेच्या उघड्या शटरपाशी पोचली. मागच्या रांगेतली आजोबांची जागा बरोबर उंबरठ्यावर आली. आजोबा काठी सोडून तिथे ताठ उभे राहिले.

"तुमचा मित्र कुठे होता?"

"माझ्या उजव्या हाताला. हात लांब केला तर खांदा लागेल एवढ्यावर."

आजोबांनी उजवा हात लांब केला. तो हात आत, त्या अजस्र यंत्राकडे गेला.

"बुटक्याची जागा मी घेते," आत्या म्हणाली. "उंची आयतीच आहे." आणि ती तरातरा आत चालत गेली. यंत्राच्या चौथऱ्यापाशी पोचली आणि तिने एक पाय वर उचलला.

"तिथे नको! आत्याबाई, मागे व्हा! तिथे उभ्या राहू नका!"

तो आवाज पायासरांचा होता.

आत्या टुणकन मागे आली. एवढ्या चपळाईने तिला मी कधी हलताना पाहिलं नव्हतं.

"का नको, सर?" तिने विचारलं. "हत्तीएवढं यंत्र ज्या जमिनीवर उभं आहे, तिला माझं ओझं झालं?"

६

पायासर शटरपाशी येऊन थांबले. अध्यक्ष मात्र भडकले. "हा काय तमाशा आहे?"

"सांगते ना," आत्या म्हणाली. तिचा श्वास अजून फुलला होता. "मी एकच प्रश्न घेऊन फिरले, फोटोतून काय गेलं? तुम्हाला वाटलं कटकट गेली. आजोबांना वाटलं मित्र गेला. बाईंना विचारावंही लागलं नाही, त्यांचा काका गेला. तिघांच्याही उत्तरात माणूस होता, मग तो आवडता असो की नावडता. सर एकटे म्हणाले, कोपरा गेला. त्यांच्या डोळ्यांपुढे माणूस नव्हताच. त्यांना दिसत होता रहाट."

"पण अख्खा फोटोच का नाही नेला?" मी विचारलं.

"नेला असता तर तू अख्ख्या फोटोत काय होतं ते शोधत बसली असतीस. बुटक्याचं तोंड कापलं म्हटल्यावर सगळे जुन्या भांडणाच्या मागे लागणार. लागलोच की आपण! पण घाईत पट्टी जरा चुकली आणि अर्धा गाल, कान मागे राहिला. चौकट नीट परत टांगणारा, भिंतीवर ओळंब्यात लावणारा हात कुणाचा असेल? आणि ज्याने ही इमारत बांधली त्याच्याशिवाय विहिरीची भीती कुणाला वाटणार?"

सगळं मैदान पायासरांकडे बघत होतं. त्यांनी चष्मा काढला.

"बांधकामाची घाई होती," ते म्हणाले. "जमीन तपासायला भोकं पाडायला हवी होती. शेजारच्या इमारतीच्या वेळी तपासणी झाली होती, तेच आकडे मी वापरले. एकच आवार, एकच माती असं वाटलं. काल फोटो पाहिला आणि पायाखालची जमीन सरकली. गेल्या महिन्यापासून यंत्राजवळच्या फरशीला एक चीर पडतेय. सरळ नाही, वाटोळी. ती का वाटोळी आहे हे मला काल कळलं."

"आणि तुम्ही कोपरा कापलात."

"सुट्टीत यंत्र हलवणार होतो. गुपचूप दुरुस्त करणार होतो. उद्या यंत्र चालवायचं नव्हतंच, नुसती फीत कापायची होती."

"उद्या तिथे पोरं उभी राहणार होती, सर," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. खिशातून एक पाकीट काढून ते ग्रंथपाल बाईंपुढे धरलं. फोटोचा कोपरा त्यात होता. बाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला.

७

दुपारपर्यंत क्रेन आली. यंत्र उचलून मैदानात ठेवलं तेव्हा शाळेच्या मुलांनी एवढा गलका केला की चालकाने खाली उतरून मुजरा केला. मग चिरेच्या मधोमध ड्रिल लावलं. ते घरघरलं, थरथरलं आणि एकाएकी सुळकन आत गेलं. खाली काही नव्हतंच. वर्षानुवर्षं भराव खचत गेला होता आणि फरशी नुसती पोकळीवर तरंगत होती.

अध्यक्षांनी स्वतः वाकून भोकातून खडा टाकला. आम्ही सगळे श्वास रोखून ऐकत राहिलो.

डुबुक.

 अध्यक्ष तसेच वाकून राहिले. त्यांच्या कडक इस्त्रीच्या गुडघ्यांना सिमेंट लागलं होतं.

"बाबांनी हे कुठेच लिहिलं नाही," ते म्हणाले. मग उठले आणि माझ्याकडे वळले. "बाई, उद्याचा समारंभ होणार. पण फीत नाही. आजोबांना बोलायला लावा. त्या संपाची सगळी गोष्ट, जशी झाली तशी. माझं भाषण रद्द." एवढं बोलून ते ग्रंथपाल बाईंपाशी गेले. काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. बाईंनी मात्र पदराने डोळे पुसले आणि मान डोलावली.

पायासरांनी त्याच संध्याकाळी राजीनामा दिला. जाण्यापूर्वी त्यांनी एकच गोष्ट मागितली, शेवटच्या वर्षाला एक तास. अध्यक्ष नको म्हणत होते. आत्या म्हणाली, "घेऊ द्या. मीही बसते."

सोमवारी तो तास झाला. फरशी पूर्ण काढली होती, विहीर उघडी पडली होती, भोवती मजबूत कुंपण होतं आणि आत खोलवर काळं पाणी चमकत होतं. पायासर कुंपणापाशी उभे राहिले आणि त्यांनी स्वतःची चूक शिकवली. कुठली तपासणी टाळली, कुठे सही केली, चीर दिसल्यावर मनाला काय समजावलं, सगळं फळ्यावर आकृती काढून सांगितलं. एकही शब्द मऊ केला नाही. पोरं लिहून घेत होती. मी कॉलेजात ऐकलेला तो सगळ्यात चांगला तास होता, आणि मला त्यातलं निम्मंच कळलं.

शेवटी एक मुलगी उभी राहिली. "सर, चीर दिसली तेव्हाच आम्हाला का नाही सांगितलंत? यंत्राची जोडणी चालू असताना आम्ही रोज त्या खोलीत होतो."

सरांनी खडू खाली ठेवला.

"तुमच्यापैकी कुणाला चीर दिसली होती?"

हळूहळू बरेच हात वर गेले.

"मग मला का नाही विचारलंत?"

"तुम्ही पायासर आहात," ती म्हणाली. "आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

"इथून पुढे असं कुणालाही वाटून घेऊ नका," सर म्हणाले. "मला विचारा. आत्ता विचारा."

 मग चष्मेवाला पोरगा उभा राहिला, त्याच्यामागे दुसरा, मग ती मुलगी पुन्हा. प्रश्नांवर प्रश्न सुरू झाले, काही तर फार झोंबणारे. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी जागचं हललं नाही. आत्याने हात वर केला तेव्हा तिचा नंबर सगळ्यात शेवटी लागला आणि ती त्यावर चांगलीच नाराज झाली.